कोर्टात न उघडलेला नकाशा

हर्नडन,
८ सप्टेंबर २०२४

ती. अहिल्याताईस,
मोरेश्वरचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. कानातल्या नव्या यंत्रातून फोनवरचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो असं लिहिलं आहेस, तेव्हा आपला पत्रांचाच रिवाज चालू ठेवू. मलाही बरं. फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस.

एक बातमी आहे. ती तुला दुसऱ्या कुणाकडून वाकडीतिकडी कळण्याआधी माझ्याकडून बिनचूक कळावी म्हणून लगेच लिहायला बसलो. काल सकाळी मला अपघात झाला. मी धड आहे, आश्लेषा बरोबर नव्हती. हार्डवेअरच्या दुकानात निघालो होतो. एल्डन स्ट्रीटवर मी पश्चिमेकडे तोंड करून, डावीकडे वळायला चौकाच्या मध्यावर थांबलो होतो. माझा पिवळा बाण लुकलुकत होता, म्हणजे समोरच्याला वाट देऊन मग वळा. मी वाट दिली. सिग्नल पिवळा झाला, मग लाल झाला, समोरच्या लेनमधली गाडी थांबली. तेव्हा मी वळलो. आणि तिच्या शेजारच्या लेनमधून एक करडी गाडी न थांबता आली ती सरळ माझ्या उजव्या मागच्या दारावर.

चालवणाऱ्या बाई एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. मिसेस पेट्री. गुडघा आपटला होता, चष्मा पडला होता. मी त्यांना कडेला बसवलं, पाणी दिलं. पोलीस आला, दोघांशी बोलला, आणि त्याने समन्स दिलं ते मला. रेकलेस ड्रायव्हिंगचं.

आता तू म्हणशील दंड भर आणि सोडून दे. इथे तसं नाही. व्हर्जिनियात रेकलेस ड्रायव्हिंग म्हणजे फौजदारी गुन्हा, नावावर कायमचा डाग. दर जानेवारीत आमची कंपनी सगळ्यांचं ड्रायव्हिंग रेकॉर्ड मागवते. ज्याच्यावर गुन्हा, त्याची व्हॅन काढून घेतात, आणि व्हॅन नाही तर डेटा सेंटरचे जनरेटर दुरुस्त करायला मी पोचणार कसा? माझ्याकडे डिग्री नाही हे तुला माहीत आहे. इचलकरंजीत मागाच्या मोटारी उघडून जे शिकलो त्यावर इथवर आलो. वयाच्या चोपन्नाव्या वर्षी मला दुसरा कुणी उभं करणार नाही.

पण काळजी करू नकोस. मी खरा आहे आणि ते सिद्ध करता येतं. चौकाचा नकाशा मापात काढायला घेतला आहे. केस माझी मीच लढवणार. वकील म्हणजे भाड्याने घेतलेली जीभ, आणि मला देवाने एक दिलेली आहे.

भाऊजींच्या फोटोला माझा नमस्कार. यतीनला आत्ताच काही सांगू नकोस, तो लगेच सल्ले पाठवतो. लोभ आहे तसाच राहू दे, गाडीचं दार चेपलं तरी.

तुझा,
मोरेश्वर


नेपरव्हिल,
१४ सप्टेंबर

चि. मोरूस,
अहिल्याताईचे अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. तू धड आहेस हे वाचून देवापुढे साखर ठेवली आणि मग रागाने तीच साखर चहात घालून प्यायले.

देवाने जीभ दिली हे खरं, पण ती कधी कुठे थांबवायची हे सांगायला तो विसरला. तुला व्हिसाच्या मुलाखतीत विचारलं होतं की काम काय करता, आणि तू त्या बाईला इंजिनचा पिस्टन कागदावर काढून दाखवलास. ती हसली म्हणून निभावलं. न्यायाधीश हसेल असं धरून चालू नकोस.

आमच्या शेजारच्या नीनाची अनिका तुला आठवते का? इथेच जन्मली, लहानपणी माझ्याकडे वरणभात खायला यायची. ती आता तुझ्याच बाजूला, फेअरफॅक्सला वकील आहे आणि ट्रॅफिकचेच खटले चालवते. तिला भेट. तुझ्या जनरेटरला हात लावायला तू वकिलाला बोलावशील का? मग?

दुसरं. त्या बाईंच्या तब्येतीची चौकशी केलीस का? सगळं लिहिलंस, बाणाचा रंगसुद्धा, पण त्यांचा गुडघा कसा आहे ते नाही. कोर्टकचेरी आपल्या जागी. आपल्या हातून म्हातारं माणूस दुखावलं, चूक कुणाची का असेना, तर भेटून यायचं असतं. हात हलवत जाऊ नकोस. आश्लेषाला शिरा करायला सांग, वेलची बेताची घाल म्हणावं, या लोकांना वास सोसत नाही.

मी स्वतः गाडी काढून हे पत्र पोस्टात टाकायला चालले आहे. यतीन म्हणतो आई मी टाकतो. त्याला म्हटलं, ही गाडी मी तुझ्या लायसनच्या आधीपासून ओळखते.

माया आहे म्हणून बोलते, ती आटायची नाही.

तुझी,
ताई


हर्नडन,
२३ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि माझं भाग्य उघडलं, असं म्हणायला हरकत नाही.

काल शिरा घेऊन मिसेस पेट्रींकडे गेलो. पत्ता विम्याच्या कागदांवर होता. दार उघडायला त्यांना वेळ लागला, गुडघ्याला पट्टा आहे, पण हाड शाबूत आहे. मला पाहून आधी दचकल्या, मग आत घेतलं. एकट्याच राहतात. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी ओरेगनला. शिरा आवडला. हा केक आहे की पुडिंग, असं विचारत दोनदा घेतला.

त्यांच्या दाराबाहेरच्या पायऱ्यांचा कठडा डुगडुगत होता. गुडघा दुखावलेल्या माणसाला तो कठडा म्हणजे सापळा. माझ्या गाडीत हत्यारं असतातच. खालचे बोल्ट गंजून गेले होते, ते बदलले, कठडा ओळंब्यात घेतला. आता त्यावर म्हैस बांधली तरी हलणार नाही.

निघताना त्यांनी माझा हात धरला आणि आपण होऊन म्हणाल्या, की खरं सांगायचं तर दिवा पिवळा होता की लाल, मला दिसलाच नाही, मी नुसती पुढे गेले. ताई, मी खुर्चीत असतो तर ताडकन उठलो असतो. मी फक्त म्हटलं, विश्रांती घ्या.

म्हणजे मुद्दा संपला. आता कोर्टात त्यांना साक्षीला बोलवायचं, हाच प्रश्न विचारायचा, शेजारी नकाशा उलगडून धरायचा. अनिकाला कशाला त्रास?

इतकं सगळं जुळून आलं तरी झोप मात्र लागत नाही. कारण कळत नाही. बहुधा नकाशातल्या एका अंतराबद्दल खात्री नाही म्हणून असेल. शनिवारी जाऊन परत मोजतो.

आशीर्वाद चालू ठेव.

तुझा,
मोरेश्वर


हर्नडन,
२६ सप्टेंबर

ती. ताईंना,
आश्लेषाचा सा. न.

ह्यांना न सांगता लिहिते आहे, तुम्हीही कळू देऊ नका.

हे म्हणतात सगळं जुळलं, पण माणूस जागेवर नाही. जेवताना उठून खिडकीशी जातात. गॅरेजमध्ये वॉशिंग मशीनवर तो नकाशा पसरला आहे, त्यामुळे घरात दहा दिवस धुणं तुंबलंय. तिथे उभं राहून मोठमोठ्याने भाषणाचा सराव करतात. ह्यांचं आणि न्यायाधीशाचं, दोघांचंही हेच बोलतात. परवा मी दारातून म्हटलं की ऑब्जेक्शन, जेवण गार होतंय. हसले नाहीत. तेव्हा मला भीती वाटली.

ऑफिसातून सगळ्यांना ईमेल आली आहे की यंदा रेकॉर्ड डिसेंबरमध्येच तपासणार. ती त्यांनी मला दाखवली नाही, मी पाहिली.

तुमच्याशिवाय ते कुणाचं ऐकत नाहीत, आणि तुमचंही अर्धंच ऐकतात. शिऱ्याचं ऐकलं, वकिलाचं राहिलं. काहीतरी करा.

तुमचा आशीर्वाद पाठीशी असू दे.

तुमची,
आश्लेषा


नेपरव्हिल,
३० सप्टेंबर

चि. मोरूस,
आशीर्वाद.

भांडायला वेळ नाही म्हणून थोडक्यात लिहिते. सोमवारी, ७ तारखेला, दुपारी चार वाजता तू अनिकाकडे जातो आहेस असं मी तिला कळवलं आहे. नीनालाही सांगून झालं. आता नाही गेलास तर या गल्लीत मला तोंड लपवून फिरावं लागेल, आणि इथे गल्लीत लपायला काही नाही, नुसती लॉनं आहेत.

नकाशा खुशाल घेऊन जा. पण तिने विचारलं तेवढंच सांग.

पत्र यतीन टाकतो आहे. हल्ली पोस्टात तोच सोडतो मला. का ते विचारू नकोस.

जा रे बाबा.

तुझी,
ताई


हर्नडन,
२० ऑक्टोबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी अब्रू राखली. एकदा नव्हे, दोनदा जाऊन आलो.

अनिकाचं ऑफिस नखं रंगवायच्या दुकानाच्या वर आहे, जिन्यात थिनरचा वास येतो. पोरगी चटपटीत आहे. गेल्या गेल्या मला मोरू काका म्हणाली. हे नाव तिला कुणी दिलं ते मी विचारत नाही. मराठी समजतं सगळं, उत्तर इंग्रजीत देते.

पहिल्या भेटीत मी नकाशा टेबलावर पसरला. तिने तो नीट पाहिला, ब्यूटिफुल म्हणाली, आणि गुंडाळून माझ्या हातात दिला. मग दोनच गोष्टी विचारल्या. अपघातानंतर त्या बाईंशी मी काय बोललो, आणि त्यानंतर आमची भेट झाली का.

मी शिऱ्याचं सांगितलं. तिने पेन खाली ठेवलं. कठड्याचं सांगितलं तेव्हा डोळे मिटून घेतले. म्हणाली की काका, ती बाई पोलिसांची साक्षीदार आहे. भेटणं हा गुन्हा नाही, पण उद्या सरकारी वकील उठून म्हणाला की आरोपीने साक्षीदाराला गोड खायला घालून सुतारकाम करून दिलं, तर मी काय बोलू? मी म्हटलं ते लोखंडकाम होतं. ती म्हणाली, प्लीज काका. आता भेट बंद, फोन बंद, आश्लेषाने डबा पाठवणंसुद्धा बंद. आजाऱ्याच्या समाचाराला जायची चोरी असलेला देश मी पहिल्यांदा पाहिला. हो, सल्ला तुझा होता, हे मी तिला सांगितलेलं नाही.

दुसऱ्या भेटीला तिने पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ मिळवून ठेवला होता. ताई, हे मी तुला लिहिलं नव्हतं, कारण ते लिहिण्यासारखं आहे असं मला वाटलंच नव्हतं. त्या व्हिडिओत मी मिसेस पेट्रींसमोर उकिडवा बसलोय, हात जोडलेत, आणि पुन्हा पुन्हा म्हणतोय की सॉरी, माझीच चूक, सगळी माझीच चूक, तुम्ही घाबरू नका. पोलीस मागे उभा राहून लिहून घेतोय. अनिकाने विचारलं असं का म्हणालात. आता काय सांगू? आईच्या वयाची बाई थरथर कापते आहे, तिला काय म्हणायचं असतं, की बाई तुमचा दिवा लाल होता? अनिकाने व्हिडिओ बंद केला. मग मराठीत म्हणाली, आजी पण असंच म्हणायची.

आता खरी गोष्ट. तिने दोन रस्ते सांगितले. पहिला, लढायचं. व्हिडिओ माझ्या विरुद्ध आहे, वळणाऱ्यावर कायदा आधीच जास्त भार टाकतो, त्यामुळे वाचायचं तर मिसेस पेट्रींना शपथेवर विचारून दिवा दिसला नव्हता हे वदवून घ्यायचं. तसं झालं तर मी बहुधा सुटेन. पण मग त्यांचं लायसन फेरतपासणीला जाईल, आणि या वयात गेलेलं लायसन सहसा परत येत नाही. त्यांच्या घराजवळून बस जात नाही, मी पाहिलं आहे. दुसरा रस्ता, सरकारी वकिलाशी बोलून गुन्ह्याऐवजी इम्प्रॉपर ड्रायव्हिंग मान्य करायचं. तो गुन्हा नाही, दंड आहे. कंपनीला चालतं, व्हॅन राहते. पण सरकारी वकील तयार होईलच असं नाही, आणि झालाच तर मला उभं राहून म्हणावं लागेल की हो, मी गाडी नीट चालवली नाही.

नीट चालवली होती, ताई. इंचाइंचाने नीट चालवली होती. न केलेली चूक मी कधी कबूल केली नाही, मालकापुढेही नाही, त्यापायी इचलकरंजीत दोन नोकऱ्या सोडल्या. अनिका म्हणते निर्णय तुमचा, मी दोन्हीकडून उभी राहीन. घरी आल्यापासून इकडून तिकडे फेऱ्या मारतो आहे. आश्लेषा म्हणते कार्पेटला वाट पडेल.

तुझं मत लिही. उपदेश नको, मत.

तुझा,
मोरेश्वर


नेपरव्हिल,
२६ ऑक्टोबर

चि. मोरूस,
आशीर्वाद.

मत माझ्याकडे नाही. हकीकत आहे, ती सांगते.

गेल्या महिन्यात, तुला पत्र टाकलं त्याच्या दुसऱ्या आठवड्यात, मी भाजी आणायला गाडी काढली होती. मागून अँब्युलन्स येत होती. मला ऐकू आली नाही. आरशात पाहिलं तेव्हा ती माझ्या डिकीला टेकली होती आणि दोन्हीकडच्या गाड्या कडेला थांबलेल्या, मी एकटीच रस्त्याच्या मधोमध राणीसारखी. कुणाला लागलं नाही. आतल्या माणसाचं काय झालं ते मला कधीच कळणार नाही.

संध्याकाळी मी यतीनला सांगितलं. तो रागावला नाही, त्याचाच राग आला. स्वयंपाकघरात माझ्यासमोर बसला, आई कुठे होतीस, कुठल्या लेनमध्ये, एवढंच विचारत राहिला. बोलता बोलता मलाच दिसलं. किल्ली मी काढून टेबलावर ठेवली, त्याने उचलली. दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही, कारण त्याचं बरोबर होतं.

आता हेच त्याने मला चारचौघांत, न्यायाधीशापुढे, शपथ घालून विचारलं असतं, तर मी काय केलं असतं ठाऊक आहे? खोटं बोलले असते. म्हटलं असतं ऐकू आली होती, जागा नव्हती.

तुझा नकाशा खराच असणार. तू काढलेला आहे. पण तो कुणाला दाखवायचा हे मात्र तू अजून ठरवलेलं दिसत नाही.

व्हॅन जाऊ नये म्हणून मी रोज दिवा लावते. अनिका सांगेल ते घाल, तो चौकडीचा कोट नको. जीव टांगणीला आहे, पत्राला उशीर करू नकोस.

तुझी,
ताई


हर्नडन,
८ डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आश्लेषाने मेसेज करून निकाल कळवला हे माहीत आहे, तरी क्रमाने लिहितो.

कोर्टाची तारीख २१ नोव्हेंबर होती. साधा काळा कोट घातला. सरकारी वकिलाचं उत्तर सकाळपर्यंत आलं नव्हतं. अनिका कॉरिडॉरमध्ये त्याच्याशी बोलायला गेली आणि मी बाकावर बसलो, नकाशा गुंडाळी करून मांडीवर. ती म्हणाली होती आणू नका. मी म्हटलं होतं उघडणार नाही, पण आणणार. समोरच्या बाकावर मिसेस पेट्री होत्या, समन्स त्यांनाही होतं. काठी दोन्ही हातांनी धरून बसलेल्या. त्यांनी माझ्याकडे पाहून मान हलवली. मला फक्त मान हलवायची परवानगी होती, ती हलवली. त्यांच्या ओठांची हालचाल चालली होती. ती मी ओळखली, ताई. गॅरेजमध्ये माझी तशीच चालते. त्या उत्तर पाठ करत होत्या.

अनिका आली आणि म्हणाली, तो तयार आहे, शिऱ्याचा विषय निघालेला नाही. आता सांगा काका, लढायचं की मान्य करायचं. मिसेस पेट्रींचं नाव पुकारलं तर मी प्रश्न विचारीन, नाही पुकारलं तर नाही. मी नकाशा तिच्या हातात दिला आणि म्हटलं हा धर, माझ्याकडे राहिला तर मी उघडेन.

आत फार वेळ लागला नाही. न्यायाधीशबाईंनी कागद वाचले, इम्प्रॉपर ड्रायव्हिंग म्हणाल्या, दंड सांगितला, आणि मग माझ्याकडे पाहून विचारलं की तुम्हाला काही सांगायचं आहे का. अडीच महिने मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. आश्लेषा मागे बसली होती, तिने म्हणे देवाचा धावा सुरू केला. मी म्हटलं, नो, युअर ऑनर. इतकं लहान भाषण मी जन्मात केलेलं नाही, आणि त्याचा एकदाही सराव केलेला नव्हता.

बाहेर आलो तर मिसेस पेट्री तशाच बसून. केस संपली, तुम्ही जाऊ शकता, असं त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. अनिकाने सांगितलं. त्या म्हणाल्या, पण मला कुणी काही विचारलं नाही. दोनदा म्हणाल्या. सुटका झाल्यासारखं त्यांचं तोंड दिसत नव्हतं.

त्या दिवसापासून मला रात्री बरी झोप लागायला हवी होती. रेकॉर्ड तपासलं गेलं, व्हॅन माझ्याकडे आहे, वरिष्ठांनी एक प्रश्नसुद्धा विचारला नाही. तरी झोप नाही. तू लिहिलं होतंस ना, नकाशा कुणाला दाखवायचा हे ठरवलेलं नाही म्हणून. शेवटी काल शनिवारी अनिकाला फोन करून विचारलं, आता भेटायला हरकत आहे का. ती म्हणाली, आता नाही, आणि शिरा नेणार असाल तर थोडा माझ्यासाठी ठेवा.

अनिकाने कोर्टातून निघताना परत दिलेला नकाशा काल दुपारीच मी मिसेस पेट्रींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला. मनात ठरवून गेलो होतो की एकही शब्द आपण होऊन बोलायचा नाही. त्यांनी चष्मा लावला. आपली गाडी कुठली ते विचारलं, मी बोट ठेवलं. दिवा कुठला ते विचारलं. मग बराच वेळ त्या रस्त्यावरून बोट फिरवत राहिल्या, यतीनपुढे तू बसली असशील तशा. शेवटी म्हणाल्या, म्हणजे तो लाल होता. मी हो म्हटलं. त्या म्हणाल्या, दिवा मला दिसला नव्हता हे मी तुमच्यासाठी सांगायला तयार होते, पण मला कुणी विचारलं नाही.

मग उठून ड्रॉवरमधून पेन्सिल आणली आणि म्हणाल्या की नकाशा छान आहे, पण यात एक गोष्ट राहिली आहे. मला राग आला, खोटं कशाला सांगू. लेनची रुंदी आहे, खांब आहेत, गटाराची झाकणंसुद्धा आहेत. काय राहिलं असेल? त्यांनी पूर्वेच्या कडेला, रस्त्याच्या अगदी टोकाशी, एक गोल काढला. सूर्य. त्या वेळेला तो रस्त्यावरच बसलेला असतो आणि पूर्वेकडे जाणाऱ्याला दिवेच काय, समोरचं काही दिसत नाही.

ताई, मी पश्चिमेकडे जात होतो. सूर्य माझ्या पाठीवर होता. मला सगळं लख्ख दिसत होतं, म्हणून तो काढावा असं मनातच आलं नाही.

नकाशा आता त्यांच्या फ्रिजवर आहे, चार लोहचुंबक लावून. सकाळी गाडी काढायची नाही हे त्यांनीच ठरवलं, आणि पुढचं मुलगी नाताळला आली की बघू म्हणाल्या. तोवर आठवड्याचा बाजार मी करून आणणार होतो, तर त्या म्हणाल्या मी बरोबर येणार, टोमॅटो तुम्हाला निवडता येणार नाहीत. आज लगेच पहिली फेरी झाली. शेजारी बसून प्रत्येक सिग्नलला मला रंग सांगत होत्या. येताना एल्डन स्ट्रीटच्या त्याच चौकात आलो. मी वळायला थांबलो, बाण लुकलुकत होता. समोरची पूर्ण वाट रिकामी होती तरी मी थांबून राहिलो. मागच्याने हॉर्न वाजवला. त्यांनी मान वळवून त्याच्याकडे असं काही पाहिलं की तो गप्प झाला.

नाताळात चार दिवसांची रजा टाकली आहे. आम्ही नेपरव्हिलला येतो. यतीनला म्हणावं गाडीची किल्ली माझ्याकडे दे. तुला भाजीला, पोस्टात, म्हणशील तिथे नेईन. शेजारी बसून रंग तूही सांग, मला सवय झाली आहे. काल रात्री झोप लागली.

तुझी माया तेवढी मापात घेऊ नकोस, सैल असू दे.

तुझा,
मोरू